मंगळवारचे मिशीवाले

फोटोत एकोणीस मासे होते. मी तीनदा मोजले. पिशव्यांमध्ये मी स्वतःच्या हाताने बावीस टाकले होते.

"बाकीचे तीन कुटं गेले?" मी बंकटला फोनवर विचारलं.

"खाली दबलेत, काका. येकावर येक पडल्यावर सगळे कसे दिसतेन?"

"अन् सगळे मेले म्हनता."

"मी म्हनत न्हाई, ते मेलेलेच हायत. का मी भाजून खाल्ले आसं म्हनायचंय तुमाला?"

अगदी तसं नाही, पण त्याच्या जवळपासचंच माझ्या मनात होतं.

"ही तिसरी खेप हाय," बंकट म्हणाला. "काकूंकडं बगून मी गप बसलो. अजून येकदा आसं झालं तर पाठवूच नका. मी हैदराबादवरून मागवीन."

बंकटचं बीडमध्ये रंगीत माशांचं दुकान आहे. माझी बायको वनमाला त्याला सहा वर्षं दर मंगळवारी मासे पाठवायची. माघात पोटाच्या दुखण्याने ती तीन आठवड्यांत गेली.

त्या माशांचं खरं नाव कोरीडोरस. पुण्याला भाच्याच्या घरी तिने ते पाहिले आणि सहा मासे पाण्याच्या पिशवीत घालून आमच्या गावी, तलवाड्याला आणले. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. तोंडाला मिशा, आणि दिवसभर तळाची वाळू हुंगत फिरायचं. ती त्यांना मिशीवाले म्हणायची. घरामागची कडब्याची खोली तिने रिकामी करून घेतली, लोखंडी मांडणीवर एकेक करत आठ काचेच्या पेट्या बसवल्या. मादी काचेवर अंडी चिकटवते आणि लक्ष दिलं नाही तर तेच मासे ती खाऊन टाकतात. वनमाला पहाटे उठून अंडी बोटाने सोडवायची, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात देशी बदामाचं पान टाकून त्यात ठेवायची. चौथी शिकलेली बाई. हे सगळं तिला कोणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही.

या माशांची एक खोड आहे. ते डोळा मिचकावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "ह्यो कुनाला डोळा मारायलाय?"

"तुमाला न्हाई," ती म्हणाली.

ती गेल्यावर खोली माझ्याकडे आली. मासे पाठवायला मी पुन्हा सुरुवात केली ती थेट श्रावणात. आणि आता ती खोलीही हातची जायची वेळ आली होती. माझा मुलगा रामेश्वर सिमेंट-पत्र्याचा धंदा करतो. त्याला माल ठेवायला जागा हवी होती. तो सरळच म्हणाला होता, "दादा, मासे इकले जात आसतेन तर ऱ्हाऊ द्या. नुसते मरायलेत तर मग पेट्या देऊन टाकू कुनाला तरी. दसऱ्यापर्यंत बगू." म्हणजे बंकटने घेणं बंद केलं की वनमालाच्या आठ पेट्या गेल्या.

म्हणून मारणारा कोण, हे मला शोधायचं होतं.

मी एकतीस वर्षं गेवराईच्या एका जिनिंगच्या फाटकावर काढली. कापसाची गाडी आली की वरचा कापूस बघायचा नाही, कोपरापर्यंत हात आत घालायचा. वजन वाढवायला लोक आत पाणी मारतात. वरून कोरडा असतो, आत हात थंड लागतो. त्या कामाने मला पोटाला दिलं, पण हात घालून बघायची सवय घरीसुद्धा राहिली.

पहिला संशय बंकटवर. जिवंत मासे ठेवून घ्यायचे आणि मेल्याचा फोटो पाठवायचा, यात अवघड काही नाही. दुसरा संशय अंगदवर. आमचं खोकं त्याच्या जीपमधून बीडला जातं. तो ते इंजिनाजवळ ठेवत असेल, मासे शिजत असतील. तिसरा संशय सुनेवर, अंजूवर. खोली रिकामी झाली तर तिच्याच नवऱ्याला मिळणार होती. वनमाला असताना अंजू त्या खोलीत तिच्या हाताखाली असायची. तेराव्यानंतर मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. अंजू त्या दिवशी दारापर्यंत आली, कुलूप बघितलं, परत गेली. काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

पुढच्या मंगळवारी मी स्वतः जायचं ठरवलं. पहाटे उठलो. जाळीने मासे धरले, पेटीतलंच पाणी पिशव्यांत घेतलं, त्यात मासे टाकले, पंपाची हवा भरली, रबर लावलं. वीस मासे, चार पिशव्या. सगळे जिवंत. खोकं बांधून दोऱ्याला जिनिंगमधली गाठ मारली. ती गाठ सोडून तशीच परत बांधता येत नाही.

जीपमध्ये मी खोकं मांडीवर घेतलं.

"तात्या, मागं ठिवा की," अंगद म्हणाला.

"मांडीवरच बरं हाय."

"बाळंतिनीला नेल्यावानी कावून धरलंय? माझ्या गाडीत मासे काय पळून जानार हायत का?"

मागची माणसं हसली. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. चोर असता तर इतकं मोकळं बोलला नसता, असं वाटलं. मग वाटलं, चोरच मोकळं बोलतो. दोन तास मी खोक्यावरचा हात काढला नाही. वाटेत चहाला गाडी थांबली, तेव्हाही उतरलो नाही.

दुकानात गेल्यावर बंकट पुढे झाला.

"हात लावू नका," मी म्हणालो. "माझ्या हातानं सोडतो. तुमी नुसतं बगा."

"बगतो," तो म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

गाठ जशीच्या तशी होती. मी दोरा कापला. पहिली पिशवी उजेडाला धरली. पाण्यावर बोटभर फेस आला होता. पाचही मासे उलटे होते, पांढरी पोटं वर. दुसरीतही तसंच. चौथ्या पिशवीत एक मासा गिरक्या घेत होता. बंकटने तो पटकन स्वच्छ पाण्यात सोडला. थोडा हलला आणि तळाला जाऊन पडला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती बघत होती.

बंकट रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मला स्टूल दिलं. मग पिशवीतलं पाणी नाकाजवळ नेलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काका, पान्यात काय घालता तुमी?"

आयुष्यभर मी लोकांना असं विचारत आलो. मला कोणी विचारलं नव्हतं.

"काय घालनार? पेटीतलंच पानी हाय."

"बरं. मासा धरला की काय करता?"

"पिशवीत टाकतो."

"लगेच?"

"मग काय मुहूर्त बगायचा?"

बंकट खाली बसला. "काका, ह्यो मासा भ्याला की अंगातून इख सोडतो. दुसऱ्यानं खाऊ न्हाई म्हनून. नदीत ते वाहून जातं. पिशवीत कुटं जाईल? आपल्याच इखानं मरतात. मला तरी कुटं म्हाईत होतं. काकूंनीच सांगितलं. त्या आदी बादलीत ठिवायच्या, अर्धा तास. मग ते पानी फेकायचं, नव्या पान्यात आजून अर्धा तास, ते बी फेकायचं. मग पिशवी. सहा वर्षांत त्यांचा येक मासा मेलेला आला न्हाई. येक लंगडा आलता, तर खोक्यावर चिठ्ठी होती, येक लंगडा हाय म्हनून."

"मंग हे तीन खेपा कावून सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. येकाच घरात ऱ्हात होता की."

"आमच्या घरात आसं कुनी करत न्हवतं," मी म्हणालो. "मी तिथंच होतो."

"बरं," बंकट म्हणाला. वाद घातला नाही.

घरी आलो तेव्हा अंजू ज्वारी निवडत होती. मी दारातच उभा राहिलो.

"वनमाला मासे भरायची, तवा बादलीत ठिवायची का?"

"व्हय."

"पानी फेकायची?"

"दोन बादल्या. खोलीच्या मागं, नालीत."

"मी कवा बगितलं न्हाई."

"तुमी दुधाला गेल्यावर करायच्या, मामा."

"कावून?"

अंजूने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "तुमी वरडता म्हनून," ती म्हणाली.

मग मला आठवलं. धंद्याचं पहिलंच वर्ष होतं. त्या वर्षी दहा-दहा दिवस टँकर येत नव्हता. अंगणात बायका उभ्या होत्या आणि वनमालाने माझ्यासमोर दोन बादल्या स्वच्छ पाणी ओतून दिलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुज्या बापानं टँकर लावलाय का इथं?" ती रिकाम्या बादल्या उचलून आत गेली. तिने ते थांबवलं असं मी धरून चाललो.

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी तिचं माझ्याकडे काही तरी काम निघायचं. दूध आणा, रबरं संपली, नाथाच्या गिरणीत दळण टाका. एकदा मला संशय आला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. खोलीला आतून कडी होती. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी बाहेर उभा राहून विचार केला, ही बाई मासे बाजूला काढते आहे. शिरूर कासारला भावाला देत असेल. त्या दिवसापासून ती झोपल्यावर मी पेट्यांतले मासे मोजायला लागलो. पाच वर्षं मोजले. एकही कधी कमी भरला नाही. तरी मोजत राहिलो.

कडी वाजवून विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही.

"तूबी सांगितलं न्हाईस," मी अंजूला म्हणालो.

"कुलूप लावलं ना तुमी."

मी करदोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या सुपाशेजारी ठेवली. बंकटला फोन केला. म्हणालो, "मासे तुमी मारले न्हाईत. अंगदनं बी न्हाई. मी मारले. सगळे." तो म्हणाला, "मंगळवारी दहाच पाठवा काका. दहाच. मग बगू."

ते दहाही जिवंत पोचले. पुढच्या मंगळवारी त्याने वीस मागितले आणि रामेश्वरने सिमेंटसाठी दुसरी जागा बघायला सुरुवात केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला त्या दहा माशांच्या सकाळचं सांगायचं आहे.

त्या सकाळी मला दूध आणायला कोणी पाठवलं नाही. मी जाळीने मासे धरले, अंजूने बादली धरली. मासे बादलीत सैरावैरा पळाले, मग एका जागी गोळा झाले. त्यांचे कल्ले भराभर हलत होते. हळूहळू पाण्यावर बारीक फेस दिसायला लागला.

"आता?" मी विचारलं.

"आता काई न्हाई. बसायचं."

"वनमाला काय करायची?"

"बसायच्या. कवा कवा मला पाठ दाबायला लावायच्या. पोट दुखायलंय म्हनायच्या."

"कवापासून?"

"लई दिवस झालते, मामा. दिवाळीच्या आदीपासून."

मला ती माघात म्हणाली होती. अर्धा तास आम्ही बसलो.

मग अंजूने मासे दुसऱ्या बादलीत घेतले आणि पहिली मी उचलली. हे पाणी जनावराला चालत नाही, झाडालाही नको. खोलीमागे नाली होती, तिथे कोणी बघितलं नसतं. मी पुढच्या अंगणात गेलो. श्रावण कोरडा गेला होता, रस्त्यावर टँकर आलेला आणि हंड्यांची रांग लागलेली. बादली तिरपी करायला माझा हात वळेना. एकतीस वर्षं पाण्याला चोरी समजलेला हात तो. शेवटी ओतलं.

रांगेतून मनकर्णाबाई म्हणाली, "विठ्ठलराव, लई पानी झालं का? चांगली बादली वतून देताव. आमच्या हंड्यात तरी टाकायची."

"ह्ये चालत न्हाई. इखाचं हाय."

"वनमाला गेली अन् तुमी पानी फेकाया लागले." दोघीतिघी हसल्या. "ती बिचारी थेंब वाया घालीत न्हवती."

"घालीत होती," मी म्हणालो. "सहा वर्षं घालीत होती. माज्या भ्यानं नालीत वतायची."

टँकरवाल्याने नळी दुसऱ्या हंड्यात घातली. मनकर्णाबाईने पदर नीट केला आणि आपला हंडा पुढे सरकवला.

पाणी मातीत जिरलं. मी रिकामी बादली घेऊन आत गेलो आणि अंजूशेजारी बसलो. मासे आता दुसऱ्या पाण्यात होते. त्यांना अजून अर्धा तास द्यायचा होता.