सही दिली, विचारलं कोणी?

२००६ सालचा मार्च. भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात जाईबाई चुलीपुढे बसली होती. गावच्या बोअरचं पाणी एवढं खारं, की त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी शिजत नसे. नवऱ्याची, मोतीरामची, किडनी बिघडली होती. "खारं पाणी बंद करा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ती रोज मैलभर जाऊन नाल्याकाठच्या झिऱ्याचं गोडं पाणी डोक्यावर आणी.

तेवढ्यात पंचायतीचा शिपाई नत्थुजी रजिस्टर घेऊन दारात आला.

"जाईबाई, सही द्या बरं. ग्रामसभा झाली."

"कवा झाली? दवंडी तं आयकू नाही आली."

"झाली ना! पान्याची टाकी येऊन राहिली गावात."

पाणी येतंय म्हटल्यावर तिने पदराला हात पुसले आणि साक्षरता वर्गात शिकलेली सही कौतुकाने, ठळक केली. आपल्याकडे लोकशाही अशी दारोदार फिरून गोळा होते, आणि आपण तिला वर चहाही पाजतो.

टाकीसाठी बोअर खोदली ती पंचायतीच्या मागे, ठेकेदाराच्या सोयीने. पाणी खारंच लागलं. गोडं पाणी कुठे आहे, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

जाईबाई तालुक्याला गेली. "सायेब, नाल्याकाठी खोदा. जागा मले ठाव हाय."

साहेबांनी फाईल उघडली. "ग्रामसभेने एकमताने हीच जागा ठरवली. ही सही तुमचीच ना?"

तिचीच होती.

पावसाळ्यात तिचे गुडघे धरले, झिऱ्यावर जाणं सुटलं. मोतीराम टाकीचंच पाणी पीत राहिला आणि दिवाळीआधी गेला. त्याच्या मरणाच्या कागदावर आपलीच सही आहे, असं तिला वाटत राहिलं.

पुढच्या मार्चात नत्थुजी पुन्हा आला.

"अंगणवाडीच्या जागेची सभा झाली. सही द्या."

"नाही देत. अदुगर सभा घ्या. आमाले इचारा."

नत्थुजी रागावलाही नाही. "तुमची मर्जी. एका सहीनं काही अडत नाही."

तो शेजारी वळला. तिथली ज्योत्स्ना लेकरू कडेवर घेऊन दारात उभी होती.

"ज्योत्स्ना, नको देऊ वं!" जाईबाई कुंपणावरून ओरडली.

तोवर ज्योत्स्नाने सही करून पेन परत दिलं होतं.

वाचकहो, असं रजिस्टर तुमच्याही दारात आलं असेल. तुम्ही काय केलंत?