कोटावरचं फूल

"पोट आत ओढू नकोस, बाय. उद्या इगर्जीत तासभर तशी उभी राहणार आहेस काय?"

किटेरीच्या ओठांत टाचण्या होत्या, तरी जेनूला तिचं बोलणं नीट कळत होतं. लहानपणापासून तिने ते तसंच ऐकलं होतं. जेनू स्टुलावर उभी होती आणि तिची आत्या, तिची तिया, तिच्या पायांशी बसून पांढऱ्या झग्याची किनार दुमडत होती. मागच्या अंगणात डुक्कर ओरडत होतं. चौघांनी त्याला दाबून धरलं होतं आणि सुरा जेनूच्या बापाच्या, बोस्त्यांवच्या हातात होता. ओरडणं एकदम वर चढलं, घोगरं झालं, आणि थांबलं.

"पापाने कुणाला तरी बोलवायचं ना, कापायला," जेनू म्हणाली.

"त्याला आवडतं. फिर."

जेनू फिरली. खिडकीखाली पाण्याच्या बादल्यांत निशिगंध, पांढरी अस्टर आणि विहिरीकाठचं नेचं उभं होतं. वाड्यावरच्या बहुतेक नवरीमुलींचे झगे किटेरीच्या मशीनवर शिवले गेले होते आणि त्यांच्या हातातले गुच्छही तिनेच बांधले होते. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. भावजय गेली तेव्हा जेनू रांगत होती. तेव्हापासून पोर, भाऊ आणि मशीन एवढंच तिचं घर. डावं मनगट वाकडं होतं. ते मोडलं तेव्हा तिने डॉक्टरला सांगितलं होतं, विहिरीवर घसरले. पुढचा दात पडला तेव्हाही ती विहिरीवरच घसरली होती. डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही.

लहानपणी बापाचा पट्टा दोघा भावंडांनी खाल्ला होता. बाप मेल्यावर पट्टा बोस्त्यांवकडे आला. किटेरी होती तिथेच राहिली.

आता तिला एवढंच हवं होतं, की उद्या चार वाजता जेनूने हा झगा घालून वेदीपर्यंत पोचावं. तिथून पुढे ती इनासच्या घरची. इनासचं तिठ्यावर मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा शांत होता. पण त्याचा बाप रेंदेर. बोस्त्यांवच्याच माडांवर चढून त्याने वर्षानुवर्षं सूर, म्हणजे माडी, काढली होती. तीन रविवार इगर्जीत लग्नाची नावं पुकारली गेली आणि तिन्ही रविवार बोस्त्यांव पुढच्या बाकावर गप्प बसून होता. पाद्रीने विचारल्यावर तो हो म्हणाला होता. किटेरीला त्याच्या त्या 'हो'चीच धास्ती होती.

दुपारी रोस झाला. मांडवात जेनूला जुना परकर नेसवून पाटावर बसवलं आणि बायकांनी नारळाचं दूध चोळायला सुरुवात केली. शेजारची अंजेलीन सगळ्यांत पुढे.

"अगो, जरा घास नीट. उद्यापासून हिला ग्रीसच लागणार आहे अंगाला."

"तुझ्या घोवाच्या अंगाला मासळीचा वास, त्याचं काय?" कुणीतरी म्हणालं.

"त्याला वास तरी आहे. तुझ्याचा पत्ता तरी आहे काय?"

हशा चालला होता. बँडवाले फेणी पिऊन आधीच सुरात नव्हते. कुणी डोक्यावर अंडं फोडलं, कुणी बिअर ओतली. रोसात हे चालतंच. जितका दंगा जास्त तितका रोस चांगला झाला म्हणतात. किटेरी आत झग्याला इस्त्री करत होती. साटीन फार नाजूक, म्हणून ओलं फडकं घालून, करवंट्यांच्या निखाऱ्यांची जड इस्त्री ती उचलून उचलून ठेवत होती. मधूनच खिडकीतून बघत होती.

बोस्त्यांव उठला तेव्हा टाळ्या पडल्या. बापाची पाळी. हातावर डुकराचं रक्त अजून कोपरापर्यंत सुकलेलं होतं. त्याने दुधात हात बुडवला आणि लेकीच्या गालावर फटकन मारला. लोक हसले. त्याने तिच्या डोक्यावर अंडं फोडलं, मुठीसकट. दुधाचे थेंब उडाले, लोक आणखी हसले. मग त्याने भांड्यातली करवंटी उचलली.

किटेरीने त्याचं कोपर बघितलं. मारायच्या आधी ते थोडं मागे जायचं, बाहेरच्या बाजूला. बापाचंही तसंच जायचं.

करवंटी भुवईवर बसली. दुधात लाल धार उतरली आणि अंजेलीन ओरडली, "बस रे बोस्त्यांव, नवऱ्याला चेहरा ओळखू आला पाहिजे." सगळे हसले. जेनूसुद्धा हसल्यासारखी दिसत होती, कारण तिचे दात दिसत होते.

किटेरी बाहेर गेली, पोरीच्या दंडाला धरून तिला उठवलं. "पुरे. डोकं धुवायचं आहे तिचं." कुणी अडवलं नाही.

आत आल्यावर जेनू भिंतीला टेकून खाली बसली. केसांत अंड्याचं कवच अडकलं होतं. किटेरीने भुवईवर फडकं दाबलं.

"तिया, त्याने मुद्दाम मारलं."

"माहीत आहे."

"सगळे हसत होते."

"रोसात हसतातच. दाब धरून ठेव."

दार पायाने उघडलं. बोस्त्यांव आत आला, त्याच्यामागून फेणीचा वास. त्याने टेबलावर पसरलेला झगा बघितला.

"हा माझ्या माडावरून उतरणाऱ्याच्या घरात जाणार?"

"बाहेर जा. माणसं बसली आहेत तुझी," किटेरी म्हणाली.

त्याने पहिली बादली लाथेने उडवली. पाणी भिंतीवर गेलं. दुसरी उडवली. मग तो फुलांवर चालला, सावकाश. निशिगंधाचे दांडे पायाखाली काकडीसारखे मोडत होते. जेनू कोपऱ्यात सरकली तशी त्याने वाटेतलं स्टूल उचलून तिच्या दिशेने फेकलं. ते तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर आपटलं आणि त्याचा पाय तुटला.

"तुझ्या मशीनच्या जोरावर माझ्या घरात लग्न लावलंस तू," तो किटेरीला म्हणाला, आणि झग्याचा घोळ त्याने मुठीत धरला.

"सोड."

"नाहीतर?"

"बोस्त्यांव, सोड तो."

"दुसरं मनगट राहिलंय ना तुझं सरळ?" तो हसला. शिवण उसवल्याचा पहिला आवाज आला.

टेबलावरची तापलेली इस्त्री किटेरीने उचलली. तिने ती त्याच्या मुठीवर ठेवली आणि सगळा भार टाकला. अर्धी नमान मोरियेची प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ ती तशीच उभी राहिली. असं लोक नंतर म्हणाले असते, पण बघायला लोक नव्हते. जेनू होती, आणि तिला तो वेळ फार मोठा वाटला. मांस जळल्याचा वास आला. तो मागे स्वयंपाकघरातूनही येतच होता.

बोस्त्यांव जे ओरडला ते सकाळच्या डुकरासारखं होतं. बाहेर फटाक्यांचे नळे फुटत होते.

"बोस्त्यांव गायला लागला," अंजेलीनचा आवाज आला. "आता रात्रभर सुटका नाही."

किटेरीने इस्त्री उचलली, पण खाली ठेवली नाही. बोस्त्यांवने आपला हात बघितला. मग तिच्याकडे बघितलं, घरात कोण परकी बाई शिरली म्हणून बघावं तसं. दुसरा हात त्याने वर नेला होता. तो त्याने खाली घेतला आणि तो बाहेर गेला.

किटेरीने दार लावलं. मग ती झगा घेऊन बसली. सुईत दोरा जाईना. जेनूने एका हाताने भुवईवरचं फडकं धरलं, सुई दातांत घेतली आणि दुसऱ्या हाताने दोरा ओवून दिला.

झग्यावर तपकिरी डाग पडला होता. किटेरीने तेवढा पट्टा कापून काढला आणि मागच्या घोळातलं कापड तिथे बसवलं. घोळ हातभर आखूड झाला. भुवईवर यावी म्हणून डोईवरच्या जाळीला तिने दुहेरी झालर लावली. फुलांत जगली ती मूठभर अस्टर आणि थोडं नेचं. सकाळी ती कुंपणावरची अबोली तोडून घेऊन आली आणि गुच्छ बांधला. छोटाच झाला.

"पांढऱ्यात केशरी?" अंजेलीनने विचारलं.

"नवी तऱ्हा आहे."

"आणि बोस्त्यांवच्या हाताला काय झालं? पट्टी बांधून बसलाय बलकांवातल्या ओट्यावर."

किटेरी गुच्छाला फीत गुंडाळत राहिली. "काय म्हणतो तो?"

"कढईला लागला म्हणतो. मी म्हटलं, डुकराने सूड घेतला तुझ्यावर. हसला पण नाही मेला."

झगा चढवून झाल्यावर जेनू आरशासमोर उभी राहिली. सूज जाळीतून नीट दिसत नव्हती.

"मला त्याचा हात धरायचा नाही, तिया."

"वेदीपर्यंतच."

"तू चल माझ्याबरोबर."

"मी मागे आहे. घोळ कोण सांभाळणार?"

"आणि तिथे त्याने काही केलं तर?"

किटेरीने शेवटचा हूक लावला. तिने एक अस्टर निवडलं, त्याला नेच्याची काडी जोडली, टाचणी ओठांत धरली आणि बाहेर गेली.

मोटार आली होती, बँडवाले रांगेत उभे होते. बोस्त्यांव काळा सूट घालून पायऱ्यांपाशी उभा होता. कोट तिनेच शिवलेला. उजवा हात पट्टीत, छातीशी धरलेला. कोटावर फूल नव्हतं. नवरीच्या बापाच्या कोटावर फूल लागतं.

ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि फूल लावायला तिने हात उचलला.

बोस्त्यांवने डोळे मिटले. त्याचा खांदा कानापर्यंत वर गेला आणि मान आत ओढली गेली. ही हालचाल किटेरीची होती; तिने ती कधी बाहेरून पाहिली नव्हती.

अंजेलीन बघत होती. बँडवाले बघत होते. किटेरीचा हात तसाच हवेत राहिला. तिला वाटलं होतं, त्याला असं बघून बरं वाटेल. दारात जेनू उभी होती, जाळीआडून तीही बघत होती.

"हलू नकोस," किटेरी हळूच म्हणाली. "वाकडं लागेल."

त्याने डोळे उघडेपर्यंत ती थांबली. मग दोन बोटं कोटाच्या आतून घातली, कापड त्याच्या अंगापासून वेगळं धरलं, आणि टाचणी फक्त कापडातून नेली.