फ्रेम सुकतेय

जावयाने आतून दार लावून बसावं आणि सासूने बाहेर ताटकळावं, असली रीत त्या घरात कधी नव्हती. पण गेला महिनाभर हेच चाललं होतं. सकाळचा चहा संपला की जावईबापू अंधाऱ्या खोलीत. दार ठोठावलं की आतून एकच उत्तर, "आई, फ्रेम सुकतेय."

झालं! पुढे बोलायची सोयच नाही. नियम तिनेच घालून दिलेला. छपाईच्या फ्रेमची जाळी रसायन लावून सुकत असेल, तर बाहेरच्या उजेडाची तिरीपसुद्धा आत जाता कामा नये. गेली की रसायन जाळीवर घट्ट बसतं, मग त्यात अक्षर उमटत नाही. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. "सुकत्या फ्रेमवर दार उघडील त्याचे हात मोडीन," असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. नवऱ्यालासुद्धा, तो होता तोवर.

आता तिचाच हात कामातून गेला होता. तीस वर्षं शाईवरून रबराची पट्टी ओढून ओढून मनगट असं झालेलं की कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. लेक कापड ताणून अंथरायची, पण छाप पडायचा तो जावयाच्याच हातून. म्हणून अकरा वर्षं ती या घरजावयाला "तुम्ही" म्हणत, ओठ चावून राहिली होती. बोलावं तर जावई, न बोलावं तर घरातला छपाईचा कारखाना डोक्यावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या दिवशी इस्पितळाच्या, नाव छापायच्या दोनशे चादरी टेबलाशेजारी रचून पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्यायला गाडी यायची होती. दुपारचं जेवण झालं, तरी फ्रेम काही बाहेर येईना.

"हाक मार त्याला," ती लेकीला म्हणाली.

"तू मारल्यास की. सकाळपासून सोळा झाल्या."

"मोजत बसलीस होय? मग चादरी मोज, तेवढंच काम होईल."

तिने दाराला कान लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आत पंखा चालू नव्हता. पंख्यावाचून कुठली फ्रेम सुकते? पण समजा, नुकतंच रसायन लावलं असेल तर? दार उघडलं की फ्रेम गेली, फ्रेम गेली की चादरी गेल्या. तिने दारावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग खांद्यानेच दार ढकललं. आतली कडी जुनीच होती, निघाली.

रसायनाला चालणाऱ्या पिवळ्या दिव्याखाली फ्रेम भिंतीला टेकून उभी. जाळी कोरी, पांढरीशुभ्र; रसायनाचा थेंबही नाही. आणि पालथ्या बादलीवर जावई बसलेला, गुडघ्यांवर हात ठेवून.

"झोपला होतात?"

"नाही."

"मग काय करत होतात?"

"काही नाही, आई. इथे हाक आली तरी कुणी आत येत नाही."

तिने मागे वळून पाहिलं. लेक दारात चादर धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावर नवलाचं नावही नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"ह्यांनी आमच्यासाठी वेगळं घर बघितलंय," लेक खालमानेने म्हणाली. "दोन महिने झाले. तुला सांगायचं कुणी, यावरच अडलंय."

ही दोघं गेली की कारखान्याला कुलूप. त्या कुलपाच्या आत ती, तिचं मनगट आणि रिकामं टेबल. "राहा" एवढा एक शब्द तिच्या तोंडाशी आला. पण जन्मात कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं, तो शब्द बाहेर पडायचा कसा? तिने तो गिळला आणि जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, तुम्हाला कामचुकार म्हणणार होते. पण कामचुकार नाही तुम्ही, पळपुटे आहात. आणि तेही धड जमलं नाही! पळायचं तर माणसानं दाराबाहेर पळावं. माझ्याच घरात, माझ्यापासून पळून बसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. जा, हिला घेऊन जा. अडवणार नाही मी, आणि पायही धरणार नाही. पण त्या चादरी छापून होईस्तोवर या घरातून ना तुमची सुटका, ना माझी."