मृणालचे सोलो

कळव्याची मृणाल गायकवाड रत्नदीपच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायची. जयंतीच्या कार्यक्रमात गाणं मध्यावर आलं की रत्नदीप कीबोर्डवरचे हात उचलायचा आणि मृणाल सुचेल ते वाजवायची. खालून शिट्ट्या पडायच्या.

"हे सगळं हवेत जातंय गं," तो एकदा म्हणाला. "लिहून काढू. अल्बम करू."

मग ती दर रविवारी डोंबिवलीला त्याच्या घरी जाऊ लागली. कार्यक्रमांची रेकॉर्डिंग तो संथ करून लावायचा. ही जागा कुठल्या तारेवर, इथे बोट घसरवलंस की उचललंस, असं विचारत नोटेशन लिहायचा. वेगवेगळ्या कार्यक्रमांतले चांगले तुकडे जोडून, फापटपसारा छाटून त्याने प्रत्येक सोलो पक्का केला. आपला हात कागदावर उतरलेला बघून मृणाल हरखून गेली.

रेकॉर्डिंगला मात्र त्याने दुसराच बासवाला बोलावला. "स्टुडिओत वाचून वाजवणारा लागतो. तुला नोटेशन कुठे येतं?" अल्बमवर छापून आलं: बास रचना, रत्नदीप.

मृणाल घरी येऊन रडली नाही. तिचे वडील कुंडलिक म्हणाले, "वकील बघूया."

"थांबा पप्पा. माझं मी बघते."

ठाण्याला क्लास लावून ती नोटेशन शिकली. मग नवे सोलो स्वतः रचले, लिहिले, रेकॉर्ड केले, स्वतःच्या नावावर रजिस्टर केले आणि गाजावाजा न करता ऑनलाइन टाकले. रत्नदीपला पुन्हा तिची गरज पडणार, याची तिला खात्री होती.

पडलीच. त्याला एका वेबसिरीजचं संगीत मिळालं आणि दिग्दर्शकाला अल्बममधल्यासारखाच बास हवा होता. पेढे घेऊन तो कळव्याला आला.

मृणालने गिटार मांडीवर घेतली. डोळे मिटले, अडखळली, "थांब दादा, काहीतरी सुचतंय," म्हणाली आणि रजिस्टर केलेल्यांपैकीच एक, महिनोन्महिने घोटलेला सोलो जणू आत्ताच सुचल्यासारखा वाजवला. मग दुसरा. रत्नदीप भराभर लिहीत होता.

"तुझ्यासारखं कुणालाच सुचत नाही, मृणाल," तो म्हणाला. ते खरं वाटलं तिला. क्षणभर ती विरघळली.

"दादा, यावर नाव कुणाचं येणार?"

"ते नंतर बघू," तो कागदावरून नजर न काढता म्हणाला.

तिने तिसराही वाजवला.

सिरीज आली. बास रचना, रत्नदीप. त्याच दिवशी तिने दिग्दर्शकाला आपल्या रेकॉर्डिंगची लिंक आणि रजिस्ट्रेशनची तारीख पाठवली. आठवड्याभरात रत्नदीपच्या हातातून सिरीजच्या पुढच्या भागांचं काम गेलं, पाठोपाठ ऑर्केस्ट्रातली पोरंही पांगली.

तो दारात येऊन उभा राहिला. "ठरवून केलंस तू!"

"हो."

"इतकी वर्षं एकत्र वाजवलं आपण. एक शब्द बोलली असतीस तर..."

"तर तू दुसऱ्या कुणाचं उचललं असतंस."

तरी तो उभाच होता. मृणालने दार लावून घेतलं.

"फार झालं का गं?" कुंडलिकने विचारलं.

तिने जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.