सातवा पिंजरा

२००१ साली आमच्या बीएस्सीच्या वर्गातली निम्मी मुलं संध्याकाळी जावाच्या क्लासला पळायची. मला संशोधन करायचं होतं, म्हणून मी पुण्यातल्या सोळा लॅबचे उंबरठे झिजवले. "सेकंड इयर ना? एमएस्सी झाल्यावर या," हे सोळा वेळा ऐकून घेतलं.

सतराव्या लॅबचे डॉ. रिसबूड लगेच हो म्हणाले. माझी मार्कशीट त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "सही आखूड करता की पूर्ण?" एवढंच विचारलं.

काम उंदरांचं होतं. त्यांना रोज नवं औषध पाजायचं, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी, बारा जानेवारीला, मी वही उघडली, तर फेब्रुवारी अखेरपर्यंतची वजनं आधीच भरलेली. फक्त सहीचा रकाना कोरा होता. सातव्या पिंजऱ्यातल्या उंदरापुढे नऊ फेब्रुवारीला 'मृत' लिहिलं होतं, आणि तो माझ्यासमोर मजेत दाणे खात होता.

"अपेक्षित आकडे आहेत ते," सर म्हणाले. "तुम्ही सही करा."

एवढ्या वणवणीनंतर मिळालेली लॅब कोण सोडतं? मी रोज सही करत गेले.

नऊ फेब्रुवारीला सकाळी सातवा पिंजरा धुऊन पालथा घातलेला होता. मी वही काढली आणि पहिल्यांदाच मार्चची पानं उलटली.

'वीस मार्च. विद्यार्थिनीने प्रकृतीच्या कारणास्तव काम सोडले.'

मला तेव्हा साधा खोकलाही नव्हता.