उजव्या कानाचा दडा

कानात दडे बसणं म्हणजे काय, ते मी कुणाला सांगायला नको. विहिरीत बुडी मारली, सर्दी झाली, की बसतात. जांभई दिली, आवंढा गिळला, की सुटतात. माझ्या उजव्या कानातला दडा त्रेचाळीसच्या जानेवारीत बसला आणि तीन महिने हलला नाही. तो सुटावा म्हणून मी काय काय केलं ते आठवलं की स्वतःचीच कीव येते, आणि तो सुटला तो दिवस आठवला की कीवसुद्धा येत नाही.

मी तेव्हा नगरला कॅम्पातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होते. लढाई ऐन भरात होती, गोरे ऑपरेटर आघाडीवर गेले होते, आणि इंग्रजी धड बोलणाऱ्या मुली मिळायच्या त्या मिशनच्या शाळेतल्या. तेव्हा आम्हा ख्रिस्ती पोरींना बोलावून बोलावून घेतलं. डोक्यावरून पोलादी पट्टी, उजव्या कानावर गच्च बसणारी हेडफोनची काळी वाटी आणि छातीवर बोलायचं भोंगं, असा तो साज सकाळी सातला चढवायचा तो दुपारी तीनला उतरवायचा. समोरच्या बोर्डावर एखादी झडप खट्‌कन पडली की तिथल्या भोकात दोरीची खुंटी खुपसायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं आणि मागतील त्याच्याशी जोडून द्यायचं. बोलणं लांबलं तर मध्येच शिरून विचारायचं, ‘वर्किंग?’ पलीकडून कुणी ‘वर्किंग’ म्हणालं की लाइन चालू ठेवून गुमान बाहेर पडायचं. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर दोरी खेचायची. एवढंच काम. माकडालाही शिकवता आलं असतं, फक्त माकडाला इंग्रजी येत नाही.

घरी आम्ही तिघं. मी, आई, आणि माळ्यावर माझा धाकटा भाऊ शमुवेल. बाहेरच्यांच्या लेखी आम्ही दोघीच होतो. आदल्या ऑगस्टात शमूनं त्याच्या मित्रांबरोबर रेल्वेलगतच्या तारा कापल्या होत्या आणि तेव्हापासून त्याच्या नावाचं वॉरंट होतं. त्यांच्यातला राधाकृष्ण दिवाळीत पकडला गेला. त्याला सोडलं तेव्हा तो स्वतःच्या आईला ‘बाई, पाणी द्या’ म्हणाला, आणि अजूनही तसंच म्हणतो, असं ऐकलं होतं. म्हणून शमू दिवसभर माळ्यावर पडून असायचा आणि दार लावल्यावर जेवायला शिडीवरून खाली यायचा. त्याही स्थितीत त्याची जीभ गप्प बसायची नाही. ‘ताई, कमाल आहे आपल्या घराची,’ तो म्हणायचा, ‘मी तारा कापायच्या आणि तू जोडायच्या!’

दडा बसला तेव्हा प्रथम मी लक्षच दिलं नाही. वाटलं, वाटी आठ तास दाबून असते, त्याचा हा भार. पण रात्र गेली, रविवार गेला, तरी कानावर कुणी तळहात ठेवून उभं असावं तसा दाब तसाच. आईनं लसूण घालून तेल कढवलं, ते ओतलं. वाफ घेतली, नाक चिमटीत धरून गाल फुगवले, मीठ फडक्यात बांधून शेकलं. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि कान आरशासारखा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. शेवटी भिंगारच्या मोहियोद्दीन हकिमांकडे गेले. ते म्हातारे गृहस्थ माझ्या कानाशी आपला कान लावून बराच वेळ बसून राहिले, मग म्हणाले, ‘बेटी, दडा म्हणजे बंद कान. तुझा बंद नाही.’ औषध दिलं नाही, पैसेही घेतले नाहीत. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. हेडफोन चढवला की दाब जायचा. पट्टी डोक्यावर बसली की कान मोकळा, आणि तीन वाजता उतरवली की पुन्हा तो तळहात. इतकी लाज वाटायची मला त्याची! दारुड्याला गुत्ता गाठल्यावर हुशारी यावी तशी मी सकाळी सातची वाट बघायला लागले.

मार्च अर्धा सरला असेल. जेवताना मी आईला ‘मीठ दे’ म्हणाले, आणि माझा आवाज, बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, माझ्याच उजव्या कानात आला. हेडफोन घालणाऱ्याला हे नवीन नाही. आपण भोंग्यात बोललो की आपलाच आवाज वाटीतून परत ऐकू येतो. लाइन जिवंत असल्याची ती खूण. पण मी पाटावर बसले होते, केस मोकळे होते आणि डोक्यावर काही नव्हतं. मी पुन्हा ‘मीठ’ म्हणाले. पुन्हा आला. ‘दिलं की गं बाई, किती येळा मागशील?’ आई म्हणाली, आणि आईचाही आवाज आला, बारीक, पत्र्यातून.

चार-पाच दिवसांनी कामावर एक कॉल लांबला म्हणून मी मध्ये शिरले. दोन पुरुष मराठीत बोलत होते, कॅम्पात ते विरळाच. एकजण सांगत होता, ‘पांढरी कोंबडी दोन दिवस खुडूक बसलीय, आणि म्हातारीनं शेजारणीकडून वाटीभर डाळ उसनी आणलीय.’ दुसरा ‘बरं’ म्हणाला. माझ्या तोंडून ‘वर्किंग?’ निघालंच नाही. कोंबडी आमची होती. डाळ त्याच सकाळी आणली होती आणि ते आईनं मला, फक्त मला, चुलीपाशी सांगितलं होतं. शेजारच्या खुर्चीवरची मरिया भिंगारदिवे माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, बारा भानगडी बघितलेली बाई. तिला मी विचारलं, ‘मरियाताई, ही लाइन कुणाची?’ तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘कुणाची म्हणजे? तू कुठं काय जोडलंयस?’

त्या दिवशी मी घरी पायी आले. टांगा करायचं भानच राहिलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं की मी जे ऐकते ते कुणीतरी माझ्या कानातून ऐकतं आहे. कोंबडी ऐकली, डाळ ऐकली. शमूबद्दल ते दोघं अजून काही बोलले नव्हते, की मी मध्ये शिरायच्या आधीच बोलून झालं होतं? दारातच मी ठरवलं, कान कापसानं बुजवायचा आणि शमूला खाली येऊ द्यायचं नाही. मी कापूस शोधत फडताळापाशी उभी होते, आणि तेवढ्यात उजव्या कानात एक बाई बोलली. आमच्यातलीच कुणी बोलावी तशा सुरात, सरावाच्या कंटाळ्यानं, तिनं विचारलं, ‘वर्किंग?’

आणि मी काय केलं? दीड वर्ष दिवसाकाठी शंभरदा मीच विचारलेला प्रश्न, आणि त्याचं कानात बसलेलं एकच उत्तर. कापूस हातात घेऊन, घरात उभी राहून, मी म्हणाले, ‘वर्किंग.’

अरे देवा! गप्प राहिले असते तर तिनं आणखी एकदा विचारलं असतं आणि दोरी खेचली असती. काही न करणं एवढंच करायचं होतं, आणि जगातल्या कुठल्याही बाईला ते जमलं असतं, एका ऑपरेटरला सोडून. त्यानंतर मी किती दिवस तोंडात पदराचा बोळा धरून बसले, ती पुन्हा विचारेल म्हणून. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग आमच्या घरात बोलणं बंद झालं. मी बापाची जुनी पाटी काढली आणि तिच्यावर सगळं लिहून शमूला दाखवलं. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. तिसगावचा मामा पुढच्या गुरुवारी बाजाराच्या गाडीतून त्याला घेऊन जाणार होता. तोवर नऊ दिवस, मी घरात असताना, म्हणजे तो खाली उतरेल तेव्हा तेव्हा, त्यानं तोंड उघडायचं नाही, खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून खोकायचा, असं ठरलं. मी शपथच घातली त्याला. भांडी वाजत, चूल फुरफुरत, आणि तिघं माणसं एकमेकांचे हात बघत जेवत. आईला हे सहन होईना. तिला वाचता येत नव्हतं. एकदा ती पाटी माझ्या हातून हिसकावून घेत म्हणाली, ‘तुझ्या कानात कोन बसलंय ते मला ठावं न्हाई कृपे, पन माझं लेकरू मुकं करू नगंस! उद्या त्याला नेलं तर त्याचा शब्द तरी मला हाय का ऐकायला?’ मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आईच्या तोंडावर. तिचे डोळे मला अजून दिसतात.

पाचव्या दिवशी, शनिवारी, मी मरियाला विचारलं, तुझ्याकडे चार दिवस राहायला येऊ का. ती ‘ये की’ म्हणाली. कान घरातच नसला तर घर मोकळं बोलेल, हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. सोमवारी कामावरून परस्पर जायचं ठरलं, आणि कितीतरी दिवसांनी मला थोडा धीर आला.

रविवारची उपासना आटोपून देवळातून आल्यावर आईनं दाराला अडसर घातला, शमू खाली उतरला. माझं बोचकं भिंतीशी बांधून ठेवलं होतं. त्याकडे बघून त्यानं पाटीवर लिहिलं, ‘माझ्यामुळे?’ मी मान हलवली, नाही. त्यानं लिहिलं, ‘ताई, तुझ्या कानात काही नाहीये गं.’ मी पुन्हा मान हलवली. मग तो हसला, पाटी खाली ठेवून माझ्या मागं आला आणि लहानपणी यायचा तसा माझ्या गळ्यात हात टाकून, मी उठायच्या आत, माझ्या उजव्या कानाला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला, ‘हॅलो! शमुवेल याकोब उजागरे बोलतोय. नगरहून. आमच्या स्वयंपाकघरातून!’

कान सुटला. इतक्या महिन्यांचा तो तळहात एका क्षणात गेला, आणि आईचं रडणं, बाहेरची चिमणी, पातेल्यावरच्या झाकणाची थरथर, सगळं दोन्ही कानांनी मला ऐकू आलं. मी ‘शमू’ म्हणाले. माझा आवाज परत आला नाही. ‘बघ,’ तो म्हणाला, ‘कोसळलं का आभाळ?’ मग तो दुपारभर बोलत राहिला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्यानं बोलून घेतलं, मास्तरांच्या नकला केल्या, राधाकृष्णाची आठवण काढली. आई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. मी बोचकं सोडलं आणि लुगडी परत पेटीत ठेवली. आपण एक वेडी बाई होतो आणि आता बऱ्या झालो, याचा इतका आनंद मला झाला की मी त्या दोघांदेखत रडले.

सोमवारी सकाळी मरियाला सांगितलं की आता यायची गरज नाही. हेडफोन चढवला. कान मोकळाच होता, त्याचं त्या वाटीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. दहाच्या सुमाराला बोर्डाच्या अगदी खालच्या ओळीतली एक झडप पडली. त्या ओळीला कुणाचीच तार जोडलेली नव्हती. कॅम्प वाढला तर असावी म्हणून ती ठेवलेली होती. पण झडप पडली की हात जातोच. मी खुंटी खुपसली आणि ‘नंबर प्लीज’ म्हणाले.

पलीकडे पातेल्यावरचं झाकण थरथरत होतं. एक चिमणी होती. मग शमू, हसत, ‘हॅलो! शमुवेल याकोब उजागरे बोलतोय.’ त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, दोरी खेचली. खुंटी माझ्या हातात होती, भोक रिकामं दिसत होतं, आणि वाटीतला आवाज वाक्य पुरं करत होता. मी पट्टीला हात घातला. ती कानावरून हलेना.

‘पत्ता?’ कुणीतरी अदबीनं विचारलं.

मी दात आवळले. तळहात तोंडावर इतका गच्च दाबला की ओठ फुटला. ‘कृपा, अगं काय होतंय तुला?’ मरिया विचारत होती. मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिले. आणि वाटीतून माझा आवाज आला, मी कामावर काढते तो, स्वच्छ, सावकाश, शब्द न् शब्द सुटा. त्यानं गल्ली सांगितली, घर कितवं ते सांगितलं, आत शिरलं की चुलीच्या डाव्या हाताला शिडी आहे तेही सांगितलं. पलीकडचा माणूस ‘बरं’ म्हणाला. मग, कुणी काही विचारलेलं नसताना, माझाच आवाज म्हणाला, ‘आई दळण आणायला गेलीय. तो आत्ता एकटाच आहे.’