बाप मेलेला जॉब

सुगत गजभिये सहा वर्षं रोजंदारीवर होता आणि एक तारखेला कायम होणार होता. असं साहेब दरवर्षी म्हणत. पण १९८८ साली कागद खरंच तयार झाला होता, फक्त सही राहिली होती. आणि नेमक्या त्याच महिन्यात विहिरी गायब व्हायला लागल्या.

विहिरी म्हणजे कॉम्प्युटरमधल्या. सदर भागातल्या त्या सरकारी कार्यालयात जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरींची यादी ठेवली जात होती: गाव, शेत, खोली, पंप. चंद्रकलाताई दिवसभर नरखेड तालुक्यातल्या विहिरी भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यादी पुन्हा कालच्या जागी. चाळीस विहिरी भरल्या, चाळीसही बुजल्या.

"सुगतभाऊ, हा मोवाडचा पंप मी तिसऱ्यांदा टाकून राहिले," चंद्रकलाताई म्हणाल्या. "त्या शेतकऱ्याले माहीत झालं तं तो स्वतःच येऊन टाईप करन."

ठपका कुणावर येणार हे विचारायला नको होतं. मशीनची किल्ली सुगतकडे. मशीनचं पुस्तक वाचलेलाही तोच एक. कोणी शिकवलं नव्हतं. खोक्यात आलेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याने दोन उन्हाळ्यांत संपवलं होतं. ज्याला काही येत नाही त्याच्यावर या देशात कोणी संशय घेत नाही.

टर्मिनल चार, पण मशीनवर चौघांचं नाव एकच. बाबनराव साहेबांचा हुकूम होता: "सरकारी कामात माझं-तुझं काय? एकच नाव, एकच पासवर्ड." त्यामुळे कोणत्या कामाचा धनी कोण, हे मशीन सांगू शकत नव्हतं. सुगतचा संशय श्रीधरवर होता. श्रीधर म्हणजे साहेबांचा सख्खा भाचा, तीन नंबरच्या टर्मिनलवर बसणारा. पण साहेबांपुढे नुसता संशय न्यायचा म्हणजे स्वतःच्या पायानं गेटबाहेर जायचं.

मग त्याने एक प्रोग्राम लिहिला. मशीनवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला, म्हणजे जॉबला, नंबर असतो, आणि त्याला ज्यानं जन्म दिला त्या जॉबचा नंबरही शेजारी असतो. एकाचा बाप शोधायचा, मग त्या बापाचा बाप, असं चढत चढत टर्मिनलपर्यंत जायचं. प्रोग्रामचं नाव त्याने ठेवलं 'वंश'.

तपासायला तीन छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या: आजा, बाप, नातू. आजानं बापाला बोलवायचं, बापानं नातवाला, नातवानं मिनिटभर झोपा काढायच्या. तेवढ्यात 'वंश' चालवायचा. नातू, बाप, आजा, टर्मिनल नंबर दोन. बरोबर. सहा पिढ्या लावल्या, तरी बरोबर. चार दिवस चारही टर्मिनलवर त्याने ते चालवलं, एकदाही चुकलं नाही. त्याच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये बाप लेकराचं काम संपेपर्यंत थांबत होता. सुगतच्या मॅट्रिकच्या पेपरला त्याचा बाप लहानू गिरणीची पाळी बुडवून शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली तीन तास बसला होता. बाप निघून जातो, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

गुरुवारी साडेचारला त्याने साहेबांना मशीनजवळ आणलं. श्रीधर नुकताच सीताबर्डीला जातो म्हणून निघून गेला होता. पडद्यावर एक जॉब धावत होता आणि विहिरींच्या यादीवर सकाळची जुनी यादी लिहीत होता. हाच चोर.

"याची वंशावळ काढतो, साहेब."

बाबनराव हसले. "तुह्या पणज्याचं नाव तरी सांगता येते का गा तुले? आणि तू वंशावळ काढून राहिला."

"पणज्याचं नाही सांगता येत साहेब. तुमच्या लोकांनी लिहू नाही दिलं. या जॉबचं सांगतो."

चंद्रकलाताईंनी मान खाली घातली. सुगतनं 'वंश' चालवला.

एकच ओळ आली. जॉब ४१२, बाप १. पुढं काही नाही. टर्मिनलच्या जागी प्रश्नचिन्ह.

"एक म्हणजे कोण?" साहेबांनी विचारलं.

त्या क्षणी सुगतला सगळं समजलं. दिवाळीच्या वेळी श्रीधरला लवकर घरी जायचं होतं, तेव्हा जॉब पाठीमागे चालू सोडून लॉगआउट कसं करायचं हे सुगतनंच शिकवलं होतं. श्रीधर लॉगआउट करून गेला, बाप मेला. बाप मेलेलं लेकरू मशीन एक नंबरच्या पदरात टाकते. हेही पुस्तकात होतं. त्यानं वाचलं होतं.

"एक म्हणजे मशीन सुरू होते तेव्हाचा पहिला जॉब."

"आणि मशीन सुरू कोण करते?"

"मी करतो साहेब, पण त्याचा अर्थ..."

"तुहाच प्रोग्राम. तोच म्हणून राहिला."

"श्रीधर पाठीमागे सोडून गेला, साहेब. म्हणून बाप दिसत नाही. ती युक्ती मीच त्याले शिकवली."

"मीच," बाबनराव म्हणाले. "ऐकलं ना चंद्रकलाबाई?"

ऐकलं होतं. अर्ध्या तासात कागद टाईप झाला: जॉब पाठीमागे सोडण्याची युक्ती आपणांस अवगत असल्याचे श्री. गजभिये यांनी साक्षीदारासमक्ष कबूल केले. चंद्रकलाताईंनी सही केली. त्यांनाही कायम व्हायचं होतं.

शुक्रवारी सुगतनं राहिलेली स्क्रिप्ट लिहिली. बाप नातवाला जन्म देतो आणि लगेच मरतो. चार ओळी. चार दिवसांत सुचल्या नाहीत त्या चार ओळी. मग 'वंश' बदलून दर दहा सेकंदांनी बाप जिवंत असतानाच नोंद घेईल असा केला. चार वाजून दहा मिनिटांनी त्यानं पकडलं: टर्मिनल तीन. तारीख, वेळ, सगळं. कागद छापून तो साहेबांच्या खोलीत गेला.

बाबनरावांनी वाचला. पूर्ण वाचला.

"खरं असन गा," ते म्हणाले. "पोट्ट्यानं मुद्दाम नाही केलं. सकाळची यादी घेऊन गावांप्रमाणं लावून राहिला असन, अन् तीच नव्यावर बसते."

"मग साहेब, तो कागद..."

"तो काल वर गेला. आता मी वर काय लिहू? भाचा हाय म्हणून?" त्यांनी छापील कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "किल्ली श्रीधरकडं दे. आणि मशीन बंद कसं करतात ते त्याले सांगून जाय."

सुगत मशीनच्या खोलीत गेला. श्रीधर वही उघडून बसला होता. नालायक नव्हता, अक्षरही चांगलं होतं.

"सरळ बटण नको दाबू," सुगत म्हणाला. "यादी अर्धवट राहून फाटते, मग सगळ्या तालुक्याच्या विहिरी जातीन. आधी सिंक म्हणून टाईप कर, म्हणजे यादी डिस्कवर लिहिल्या जाते. तीनदा. मग बंद करण्याचा हुकूम दे, आणि मग बटण."

"तीनदा काहून गा?"

"पहिल्या खेपेले लिहून झालं का नाही, हे मशीन सांगत नाही म्हणून."

श्रीधरनं वहीत लिहिलं, 'तीनदा', आणि खाली रेघ मारली.